बिनटाक्याचं ऑपरेशन

ज्या ऑपरेशनात एकही टाका नाही, त्याला ऑपरेशन म्हणायला मी तयार नव्हतो. अजूनही मनापासून नाही. चव्वेचाळीस वर्षं जयसिंगपुरात कापड कापून जोडतोय. 'बोंगाळे टेलर्स, जेन्ट्स स्पेशालिस्ट', पाटी अजून तीच. कापलं की टाका आलाच. आणि मिरजेची ती डॉक्टरीण मला समोर बसवून सांगते, "मास्तर, आता टाके नसतात."

मी म्हटलं, "मग काय, थुंकी लावून चिकटवता?"

ती हसली. "जवळजवळ तसंच," म्हणाली.

पण हे मधलंच झालं. भरतेशपासून सांगतो.

भरतेश मगदूम आमच्याच गल्लीच्या टोकाला राहतो. साखर कारखान्याच्या लॅबमध्ये केमिस्ट आहे. जन्मला तेव्हा घरच्यांनी मुलगी म्हणून बारसं केलं. तो मुलगी नव्हता, हे त्याला लहानपणीच कळलं होतं, बाकीच्यांना कळायला वीस-बावीस वर्षं लागली. एकोणिसाव्या वर्षी तो पहिल्यांदा दुकानात आला. शर्ट शिवायचाय म्हणाला आणि खांदे पुढं पाडून, छाती आत ओढून, कोपरं बरगड्यांना चिकटवून उभा राहिला. असं उभं राहिल्यावर माप काय डोंबल मिळणार? मी टेपनं त्याच्या कोपरावर एक फटका दिला आणि ओरडलो, "हात खाली सोड की, मर्दा!"

आता हे 'मर्दा' मी सगळ्यांनाच म्हणतो. तहसीलदारांना म्हटलंय. गॅसचा सिलिंडर जिन्यात अडकला तेव्हा सिलिंडरलाही म्हटलंय. आमच्याकडं बोलणं सुरूच तिथून होतं. त्यात माझा काही मोठेपणा नाही, हे आधीच सांगून ठेवतो, कारण पुढं बऱ्याच जणांनी माझ्या गळ्यात हार घालायचा प्रयत्न केला. चष्मा कपाळावर होता, मला समोर फक्त एक वाकडा खांदा दिसत होता. पोरानं मात्र हात खाली सोडले आणि चांगला ताठ उभा राहिला. मी माप घेतलं.

त्याला कसला शर्ट हवाय ते त्यानं सांगितलं नाही, मला टेप लावतानाच समजलं. छाती दिसू नये म्हणून तो आतून एक घट्ट जाकीट घालायचा, श्वास अर्धाच जाईल एवढं घट्ट. त्याच्यावरून जाणारा शर्ट अंगाला चिकटायला नको आणि ढगळही दिसायला नको. मी छातीवर झाकणाचे दोन खिसे दिले, आतून कापडाचा दुसरा थर घातला, पाठीला रुंद चुणी टाकली. आठ वर्षांत असे तेवीस शर्ट शिवले. माझ्या आयुष्यातलं सगळ्यात अवघड काम होतं ते, आणि कुणाला दाखवायची सोय नाही. मे महिन्याच्या उन्हात तीन-तीन थर घालून पोरगं कारखान्यात जायचं.

गेल्या वर्षी, म्हणजे दोन हजार एक्केचाळीस सालच्या दिवाळीआधी, तो दुकानात येऊन म्हणाला, "मास्तर, मिरजेला ऑपरेशन करून घेतोय. छातीचं. ते झालं की मला एक शर्ट हवाय. एकच खिसा, एकच थर. पांढऱ्या पॉपलिनचा."

मी म्हटलं, "हा काय शर्ट झाला? हा तर शिकाऊ पोर पण शिवेल."

"तोच हवाय," तो म्हणाला.

त्याच्या आईबद्दल सांगायला हवं, नाहीतर पुढचं समजणार नाही. त्रिशलावहिनी. नवरा चार वर्षांपूर्वी वारला. लग्नाआधी सांगलीत बायकांचे ड्रेस शिवणाऱ्या एका दुकानात त्या काज-बटणं करायच्या, आणि त्यांचं हातकाज म्हणजे काय सांगू, मशीननं मान खाली घालावी. लेकानं पहिल्यांदा सगळं सांगितलं तेव्हा त्या वर्षभर बोलल्या नाहीत, हे खरं. पण एकदा त्यांनी मनावर घेतलं आणि मग काय विचारता! मानसतज्ज्ञांचे दाखले, रक्ताचे रिपोर्ट, कागदोपत्री नाव बदलल्याचे हुकूम, सगळ्याची जाडजूड फाइल काखेत मारून त्याच फिरल्या. एका कारकुनानं तोंड वाकडं केलं तर त्याला विचारलं, "तुमच्या आईचा नंबर द्या, जरा बोलायचंय." असली आई. नऊ दिवस लेकाच्या सोबतीला आपणच राहणार, हे त्यांनी गृहीतच धरलं होतं. बॅगही भरून तयार होती.

आणि तिथं ती चकती आडवी आली.

आता शास्त्र सांगतो, जसं मला डॉ. तस्नीम मुल्लांनी सांगितलं तसं. रेशमाच्या धाग्यातलं प्रथिन काढतात, त्याची पातळ जाळी करतात आणि पेशंटच्याच कातडीच्या पेशी महिनाभर वाढवून तिच्यात सोडतात. ही झाली जिवंत खळ. दोन कापलेल्या कडांच्या मध्ये ती भरली की पेशी दोन्हीकडून वाढत एकमेकींना भेटतात आणि नऊ दिवसांत कड विणून काढतात. मग जाळी विरघळून जाते. वण राहतो तो केसाएवढा. छाती सपाट करताना स्तनाग्रं काढून, लहान करून नव्या जागी बसवतात, तीही याच खळीवर धरतात. रेशीम म्हटल्यावर मी जरा नरम आलो.

"पण ही खळ फार भित्री आहे," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "माणूस घाबरला, अवघडला, की शरीरात कॉर्टिसॉल नावाचं रसायन सुटतं. त्याचा निरोप एकच असतो, आधी पळायची तयारी करा, डागडुजी मागाहून. जुन्या टाक्यांच्या जखमा त्यानं चार दिवस उशिरा भरायच्या, एवढंच. खळीतल्या पेशी मात्र विणकाम सोडूनच देतात. कड सुटते. बसवलेलं स्तनाग्र गेलं तर गेलंच."

म्हणून ती चकती. रुपयाएवढी, दंडावर चिकटवायची. घामातलं कॉर्टिसॉल ती मोजते आणि जवळ कोण आहे ते ज्याच्या-त्याच्या फोनवरून ओळखते. ऑपरेशनच्या आधी पंधरा दिवस लावून ठेवायची. कुणाच्या सहवासात पेशंटचा काटा किती, याचा तक्ता निघतो. शून्य म्हणजे निवांत, शंभर म्हणजे वाघ मागं लागलाय. ज्याचा आकडा सगळ्यात कमी तो सोबती. चाळिसाच्या खालचा एकही माणूस सापडला नाही तर तारीखच मिळत नाही.

तक्ता वाचून दाखवताना मला का बोलावलं, ते मला ठाऊक नव्हतं. वाटलं, ऑपरेशननंतरचं जाकीट शिवायचं असेल. खोलीत भरतेश, त्रिशलावहिनी आणि मी. डॉक्टरीणबाई वाचायला लागल्या.

"कारखान्यातले साहेब, बावन्न. कमलश्रीआत्या, एक्याण्णव."

ही आत्या दर रविवारी यायची आणि 'मला काही प्रॉब्लेम नाही हं, तुझं तू बघ' हे दोन तास सांगायची.

"मोत्या, चौदा." हा आमच्या गल्लीतला कुत्रा. नगरपरिषदेनं त्याच्या गळ्यात पट्टा बांधलाय, चकतीनं त्याचीही नोंद घेतली. "यशवंत बोंगाळे, टेलर, अकरा."

मी इकडं-तिकडं बघितलं. यशवंत बोंगाळे मीच. कुत्र्याच्या पुढं तीन मार्कांनी.

"आणि आई," डॉक्टरीणबाईंचा आवाज जरा खाली आला, "अडुसष्ट."

वहिनींनी तक्ता ओढून घेऊन स्वतः वाचला. मग वहिनी म्हणाल्या, "मशीन बिघडलंय."

पुन्हा आठ दिवस मोजलं. सहासष्ट आलं. वहिनींनी फाइल मिटली आणि भरतेशकडं बघितलं. तो म्हणाला, "आई, तसं नाही गं. मला तू हवीयस. खरंच हवीयस." आणि हे बोलताना चकती शेजारच्या पडद्यावर ऐंशी दाखवत होती.

वहिनी माझ्याकडं वळल्या. डोळे भरलेले, पण आवाज खणखणीत. "मास्तर, मी याला जन्म दिला. सरकारी हापिसांच्या पायऱ्या झिजवल्या. तुम्ही असं काय केलंत हो माझ्या लेकरासाठी?"

मी खरं ते सांगितलं. "शर्ट शिवले, वहिनी."

घरी बायकोला बातमी दिली तर तिला हसू आवरेना. छाया म्हणते, "जन्मात मला उठून पाण्याचा तांब्या दिला नाहीत, आणि निघाले सेवा करायला! त्या मशीनला म्हणावं, आधी बायकोला विचार."

पण नाही कसं म्हणणार? मी नाही म्हटलं तर खाली उरला मोत्या.

मग माझं प्रशिक्षण. सालोमी सिस्टर म्हणून एक मिरजेची बाई होती, आवाज पोलिसातल्या हवालदाराचा. तिनं आम्हा दोघांना बसवून धडे दिले. पेशंटनं पाठीवरच झोपायचं, तेही अर्धवट बसल्यासारखं, कूस बदलायची नाही. हात खांद्याच्या वर न्यायचे नाहीत. फळीवरचं काही काढायचं नाही, दार ओढायचं नाही, डोक्यावरून कपडा घालायचा नाही. हे सगळं सोबत्यानं करायचं. भरतेशनं पंधरा दिवस आधीपासून उताणं झोपायची सवय केली. मी छायाचे केस विंचरायचा सराव केला. तिसऱ्या दिवशी तिनं कंगवा काढून घेतला.

हॉस्पिटलचं तयार जाकीट बघितलं आणि माझं डोकंच फिरलं. छातीला सगळीकडून सारखा दाब द्यायचा, एवढंच त्याचं काम, आणि काखेत अर्धा इंच सैल! मी डॉक्टरीणबाईंना म्हटलं, "बाई, तुम्ही माणसं शिवा, कपडा माझ्याकडं द्या." त्यांनी ऐकलं. नंतर आणखी चार पेशंटची जाकिटं माझ्याकडं आली.

ऑपरेशनला तीन तास लागले. मी आणि वहिनी एकाच बाकावर, मध्ये फाइल. त्या णमोकार मंत्र म्हणत होत्या. संपल्यावर माझ्याकडं न बघता बोलल्या, "पाणी कोमट लागतं त्याला. सूर्य मावळायच्या आत जेवतो. आणि दुखलं तरी सांगत नाही, मान खाजवतो. मान खाजवली की दुखतंय समजायचं."

तक्त्यात अडुसष्ट असलेल्या बाईला हे ठाऊक होतं. अकरावाल्याला नव्हतं.

पहिले तीन दिवस आमचं उत्तम चाललं. मी त्याला दात घासून दिले, पाय चेपले, केस विंचरले. 'हलू नको की मर्दा,' 'गिळ की मर्दा,' असं दिवसभर चालायचं. काटा दहा-बाराच्या वर जाईना. दुपारी मी खुर्चीत घोरायला लागलो की तो आठवर यायचा, हे सालोमी सिस्टरनं सगळ्या मजल्याला दाखवलं. तिसऱ्या दिवशी डॉक्टरीणबाईंनी जाकीट उघडलं. भरतेशनं मान खाली केली आणि बघतच राहिला. मला वाटलं, आता रडतोय की काय.

"मास्तर," तो म्हणाला, "उभ्या-उभ्या माझे पाय दिसतायत सरळ. मध्ये काही नाही."

"मग? पाय कुठं जाणार होते?" मी म्हटलं आणि तोंड फिरवलं. रडायला मलाच आलं होतं. उघडपणे सांगतो, लपवत नाही.

चौथ्या दिवशी वहिनींना दहा मिनिटं आत सोडलं. हसत आल्या, डब्यात मूगडाळीची खिचडी. पलंगाजवळ गेल्या आणि काटा बहात्तरवर. चकती केकाटायला लागली. त्या संध्याकाळच्या तपासणीत डाव्या बाजूची कड पांढुरकी पडलेली निघाली. डॉक्टरीणबाई गंभीर झाल्या. "अजून एकदा असं झालं तर डावीकडचं स्तनाग्र धरणार नाही. आईंनी आता नवव्या दिवसापर्यंत आत यायचं नाही."

वहिनींनी खिचडीवर झाकण लावलं. डबा माझ्या हातात दिला आणि कॉरिडॉरमधल्या बाकावर जाऊन बसल्या.

आणि मग खरी पंचाईत झाली. पाचव्या दिवशी वहिनी आत नाहीत, मी आहे, खिचडी आहे, तरी काटा सत्तेचाळीस! मी घोरून बघितलं, खोटं-खोटं. पन्नास. भरतेश दाराकडं बघत होता. मान खाजवत होता.

"दुखतंय?"

"नाही."

"मग?"

"ती बाहेर बसलीय, मास्तर. सकाळपासून. तिला वाटतंय, मला ती नकोय."

म्हणजे आई आत आली की काटा वर, आई बाहेर राहिली की काटा वर. मी डॉक्टरीणबाईंना विचारलं, तुमचं मशीन यावर काय म्हणतंय? त्या म्हणाल्या, "मशीन किती ते सांगतं, मास्तर. का ते नाही सांगत." चार दिवस बाकी होते आणि कड पांढुरकी. मला पहिल्यांदा भीती वाटली. माझ्या तेवीस शर्टांचा शेवट असा व्हायचा का, म्हणून मी चिडून कॉरिडॉरमध्ये आलो.

वहिनी दाराच्या काचेतून आत बघत होत्या. आत भरतेशनं त्यांच्याकडं बघून हात हलवला. आणि मी बघितलं, वहिनींचा उजवा हात आपोआप वर उठला, हवेतच त्याच्या डाव्या खांद्याच्या उंचीवरून काहीतरी चिमटीत धरलं, छातीवरून पलीकडं नेलं आणि सारखं केलं. झटक्यात. डोळ्याचं पातं लवावं तेवढंच.

ही खूण मला पाठ आहे. आयुष्यभर दुकानाच्या आरशात बघितलीय. नवऱ्याच्या पँटचं माप द्यायला आलेल्या बायका शेजारी उभ्या असलेल्या लेकीला हेच करतात. ओढणी सारखी करतात.

आत काचेपलीकडं भरतेशचे खांदे पुढं पडले होते.

"वहिनी," मी म्हटलं, "रागावू नका. तुमचा हात बघा."

"काय झालंय हाताला?"

मी करून दाखवलं. चौसष्ट वर्षांचा बाप्या हॉस्पिटलच्या कॉरिडॉरमध्ये हवेतली ओढणी सारखी करतोय. एक वॉर्डबॉय थांबून बघायला लागला, त्याला मी हाकललं.

वहिनी आधी संतापल्या. "मी असं कधीही करत नाही! इतक्या वर्षांत मी त्याला एकदा तरी चुकीचं काही बोलले का, विचारा त्याला."

"तोंडानं नाही हो. तोंड तुमचं सोन्याचं आहे. हात जुनाच आहे."

त्या हाताकडं बघत राहिल्या. मग हळू म्हणाल्या, "तेराव्या वर्षापासून. घराबाहेर पडताना रोज दारात उभं करून करायची. तो असा दगडासारखा उभा राहायचा. मला वाटायचं, वळण लावतेय." बोलता-बोलता त्यांनी उजवा हात डाव्या हातात घट्ट धरला. "आता काय करू, मास्तर? तोडून टाकू का?"

"तोडू नका. त्याला काम द्या."

दुपारच्या बसनं जयसिंगपूरला गेलो. पांढरं पॉपलिन आणून ठेवलंच होतं. शर्ट कापला, खांदे, बाह्या, कॉलर मशीनवर जोडलं, पुढचे दोन पाले, म्हणजे छातीवरचे डावा-उजवा भाग, मोकळे ठेवले. दुसऱ्या दिवशी सकाळी सगळं वहिनींच्या मांडीवर टाकलं, वर सुई, रीळ आणि सहा बटणं. "हातकाज करायचं. सहाच्या सहा. खोलीत बसून. मान वर करायची नाही."

डॉक्टरीणबाई तयार होईनात. मी म्हटलं, "काटा साठाच्या वर गेला की मी स्वतः बाहेर काढतो." सालोमी सिस्टर दारात उभी राहिली, हात कमरेवर.

वहिनी आत आल्या, खुर्चीत बसल्या आणि सुईत दोरा ओवला. काटा अठ्ठावन्न. मी उठायच्या बेतात. त्यांनी पहिल्या काजाला चीर दिली, कड भरायला लागल्या. हातकाज असं असतं की त्यात हात गुंतला की दुसरीकडं जात नाही, गेला तर टाका वाकडा पडतो. चोपन्न. मान खालीच ठेवून त्या बोलायला लागल्या. पाण्याची टाकी गळतेय. मोत्या दारात येऊन बसतो, तुझी चप्पल पळवलीय त्यानं. कमलश्रीआत्यानं फोन केला होता, मी म्हटलं, प्रॉब्लेम नाही तर येऊ नका. यावर भरतेश हसला आणि हसताना छाती दुखली म्हणून 'आई गं' म्हणाला. वहिनींचा हात सुईसकट थांबला, पण उठला नाही. एक्केचाळीस. सदतीस.

सातव्या दिवशी काटा एकोणतीस. कडेला गुलाबी रंग परत आला. मी खुर्चीत बसून माझ्या हुशारीवर खूश होतो, तोवर आठव्या दिवशी मी तो शर्ट उचलून उजेडात धरला.

काजं अशी सुरेख होती की बघत राहावं. पण सहाच्या सहा उजव्या पाल्यावर! पुरुषाच्या शर्टाला काज डाव्या पाल्यावर असतं आणि बटण उजव्या. उजवीकडं काज म्हणजे बायकांचा कपडा. सांगलीच्या दुकानात लागलेली सवय. आणि चीर दिलेलं काज बुजवता येत नाही. माझ्या दुकानाचं लेबल लागणाऱ्या शर्टाला, आणि तेही या पोराच्या या शर्टाला, लेडीज पाला!

ओरडायला तोंड उघडलं. समोर चकती, सव्वीस. एकच दिवस उरलेला. मी तोंड मिटलं. बायको सांगते, लग्नानंतर असं प्रथमच झालं. अख्खा दिवस माझ्या घशात ते अडकलेलं आणि वहिनी सहावं बटण लावतायत.

नवव्या दिवशी डॉक्टरीणबाईंनी जाकीट कायमचं काढलं, भिंगातून दोन्ही बाजू तपासल्या. "धरलंय," म्हणाल्या. "दोन्ही. डावीकडचंसुद्धा. वण केसाएवढा." वहिनींनी डोळे मिटून हात जोडले. मग उठल्या, शर्ट झटकून लेकाच्या पुढं धरला, आणि धरल्या-धरल्या त्यांच्या चेहऱ्याचा रंग उतरला.

"अगं बाई," त्या म्हणाल्या. "उलटं झालं."

"मला पहिल्याच काजाला दिसलं होतं," भरतेश म्हणाला.

"मग बोलला का नाहीस?"

"तू बसली होतीस ना इथं. बरं वाटत होतं." मग म्हणाला, "राहू दे आई. डावं-उजवं कोण बघतंय?"

'मी बघतोय' असं मी म्हणणार, तेवढ्यात वहिनीच म्हणाल्या, "मी बघतेय." पुढं त्यांनी माझ्याकडं हात केला. "मास्तर, कापड आहे का अजून? दोन पाले कापून द्या. माझा हात चुकला, तर तोच शिकेल."

मी संध्याकाळपर्यंत कापून आणले. त्यांनी कॉरिडॉरमधल्या बाकावर बसून जुने पाले उसवले आणि पुन्हा सहा काजं केली, डाव्या पाल्यावर. प्रत्येक काजाला चीर द्यायच्या आधी शर्ट माझ्यासमोर धरायच्या आणि विचारायच्या, "हीच बाजू ना?" सहाही वेळा मी म्हटलं, हीच.

दहाव्या दिवशी घरी सोडलं. दंडावरची चकती तेवढी अजून होती, ती निघताना काढायची. हात वर न्यायचे नव्हते, म्हणून वहिनींनीच त्याला शर्ट घातला, एकेक बाही अलगद. समोर उभ्या राहून बटणं लावायला लागल्या. एकच थर, पलीकडचं दिसेल असं पॉपलिन. शेवटचं बटण कॉलरखालचं. ते लागलं, आणि त्यांचा उजवा हात तिथूनच त्याच्या डाव्या खांद्याकडं निघाला.

पोराची कोपरं बरगड्यांना चिकटली, खांदे पुढं आले.

हात वाटेत थांबला. वहिनींनी त्याच्याकडं बघितलं, त्या हाताकडं नव्हे, लेकाकडं. मग हात खाली आला, खिशाशी. त्यांनी स्वतःच्या पर्समधून एक पेन काढून त्या एकुलत्या एका खिशाला अडकवलं आणि त्याच्या कोपरावर हलकी चापट मारली.

"हात खाली सोड की," त्रिशलावहिनी म्हणाल्या, "मर्दा."

त्यांच्या तोंडात तो शब्द अगदीच नवखा होता, लाजत-लाजत आला. पण आला. भरतेश हसला, हात खाली सोडले आणि ताठ उभा राहिला. खांदे जिथं असायला हवेत तिथं. चव्वेचाळीस वर्षांत इतका साधा शर्ट इतका नीट बसलेला मी बघितला नव्हता.

सालोमी सिस्टर चकती काढायला पुढं झाली आणि आकडा बघून थबकली.

"मास्तर," ती म्हणाली, "नऊ."

नऊ! माझ्यापेक्षा दोननं कमी. माझाच शब्द घेऊन बाई पहिली आली, आणि मी गेलो मोत्याच्या शेजारी. मी दोघांच्याही पिशव्या उचलल्या आणि गाडी बघायला खाली गेलो.